चार तासांचं मलकापूर

"कुठलं मलकापूर?"

पुण्यात गाव सांगितलं की हा प्रश्न हमखास येतो. एक मलकापूर बुलढाण्यात, रेल्वे स्टेशनवालं. दुसरं कराडला चिकटलेलं. तिसरं आमचं, कोल्हापूर जिल्ह्यातलं. शाहूवाडी तालुका, कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता, पुढे आंबा घाट आणि मग थेट कोकण. या तीन मलकापुरांच्या गोंधळात माझं एक कुरिअर मागे आठ दिवस बुलढाण्यात पडून होतं. आत काय होतं? गवत! टिमोथी नावाचं विलायती वाळकं गवत, छान प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर सशाचा फोटो. शेवटी ते मलकापुरात पोचलं तेव्हा पप्पांनी पिशवी फोडली, वास घेतला आणि खिडकीतून मागच्या रानाकडे बघितलं.

"हे गवतच हाय नव्हं? मग आपल्या मागं काय हाय?"

मुद्दा बिनतोड होता. तरी आधी ओळख करून देते. फुटाणा. वय वर्षं नऊ, रंग भाजलेल्या फुटाण्याचा, वजन सध्या दीड किलोच्या आत. २०१६ साली मी कोल्हापुरात कॉलेजला होते, रूमवर राहायचे आणि डोक्यात 'पेट' ठेवायचं खूळ होतं. कुत्रा ठेवायला रूमची मालकीण तयार नव्हती. दुकानदार म्हणाला, ससा घ्या, आवाज नाही, त्रास नाही, गाजर खातो. मी आणला. गाजर दिलं, मारी बिस्किटं दिली, पोळीचे तुकडे दिले. मैत्रिणी यायच्या, त्याच्या तोंडात वेफर्स द्यायच्या, फोटो काढायच्या. सॉलिड क्यूट दिसायचा.

आता त्याच बिस्किटांचं बिल येतंय.

सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं (मीही विचारलं नव्हतं). पुढचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे वर्षाला चांगले दहा-बारा सेंटिमीटर! ते झिजतात गवत चावून. दाढासुद्धा वाढतात, आणि त्यांना आडवंतिडवं रगडायला तास न् तास काहीतरी रेषाळ, खरखरीत लागतं. बिस्किट दोन चावांत संपतं. मग दाढा वाकड्या वाढतात, कडा टोकदार होतात, जिभेला आणि गालाला टोचतात. मुळं वरच्या बाजूला सरकली की डोळ्यातून नाकाकडे जाणारी नळी दाबली जाते आणि डोळा गळायला लागतो. फुटाण्याचा उजवा डोळा २०२३ पासून गळतोय. हा आजार बरा होत नाही. दर दोन-अडीच महिन्यांनी भूल देऊन दाढा घासून घ्यायच्या, दुखणं कमी करायचं औषध द्यायचं, आणि स्वतःहून खात नसेल तर भरवायचं. बस्स.

त्याआधीच, २०२२ च्या एप्रिलमध्ये, तो मलकापूरकर झाला होता. पुण्यातला माझा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर. सशाला घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकतात ते त्याचे कान. एका दुपारी फुटाणा फरशीवर आडवा पडून धापा टाकताना दिसला आणि मी त्याला दुसऱ्याच दिवशी घरी आणून सोडलं. "दोनच महिने हं पप्पा, उन्हाळा संपेपर्यंत." आई गेल्यापासून पप्पा एकटेच होते. मी स्वतःला सांगितलं, त्यांनाही सोबत होईल. किती सोयीस्कर!

तर या नोव्हेंबरात मी पंधरा दिवसांसाठी मलकापूरला गेले. लॅपटॉप, डोंगल, दोन अर्धवट लेख आणि पुण्याच्या डॉक्टरांनी दिलेला एक आकडा घेऊन. एक किलो चारशे ग्रॅम. "वजन याच्या वर असेल तर एकदा भूल द्यायची रिस्क घेऊ," त्या म्हणाल्या होत्या. "खाली गेलं तर मी सुचवणार नाही. वय झालंय त्याचं. तुम्ही आणि वडील बोलून ठेवा." बोलून ठेवा म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. कळलं होतं.

पुण्याहून यायचं तर दोन रस्ते. कोल्हापूरला येऊन रत्नागिरी रस्त्याने जवळपास पन्नास किलोमीटर, नाहीतर कराडलाच हायवे सोडायचा आणि कोकरूडमार्गे डोंगरातून यायचं. दुसरा रस्ता घ्या. वळणं आहेत, पण भात कापून झालेली खाचरं, मळणीचा वास आणि गाडीच्या उंचीएवढा गवताचा भारा डोक्यावर घेऊन चाललेल्या बायका, असं सगळं काचेतून दिसत राहतं. दसरा-दिवाळीनंतर इकडे गवत कापायचं काम सुरू होतं. पावसाळ्यात इथे पाऊस थांबत नाही, कडवी नदी दुथडी भरून वाहते आणि गवत माणसाच्या कमरेपर्यंत वाढतं. तेच नोव्हेंबरात कापून, वाळवून, गंजी लावून वर्षभर जनावरांना पुरवायचं. मी याच गावात वाढले, पण गवताकडे कधी बघितलं नव्हतं. आता पप्पा बोट करून दाखवतात. ही हरळी, मऊ, ही त्याला तोंडात धरता येते. हा दगडी पाला, आपण जखमेवर चोळायचो तो, याचं फूल त्याला आवडतं. ती घाणेरी, तिच्याजवळचं काही घ्यायचं नाही. ओलं गवत थेट द्यायचं नाही, आधी पडवीत दांडीवर पसरायचं. आमच्या पडवीत टॉवेल आणि गवत शेजारी शेजारी वाळतं.

पप्पा एस.टी.त कंडक्टर होते, सगळी नोकरी मलकापूर डेपोत. त्यामुळे फुटाण्याचा आजारही टाइमटेबलवर चालतो. सकाळी सात, अकरा, दुपारी तीन, संध्याकाळी सात, रात्री अकरा. खुराकाची पावडर कोमट पाण्यात कालवायची, सुई काढलेल्या सिरिंजमध्ये भरायची, मांडीवर टॉवेलात गुंडाळून बाजूच्या फटीतून थोडं थोडं सोडायचं. पंधरा मिलीला वीस मिनिटं लागतात. घाई केली तर श्वासात जातं. मग डोळा पुसायचा, आईच्या जुन्या सुती साडीच्या फडक्याने. मग वहीत नोंद. ही वही बघायला हवी! वेळ, मिली, लेंड्या, शेरा, असे चार रकाने, पट्टीने आखलेले. लेंड्या मोजलेल्या. शेऱ्यात 'बारीक', 'ओल्या', 'खुशीत', 'रुसला'. दोन वर्षांच्या तीन वह्या.

"पप्पा, लेंड्या कशाला मोजता?"

"पाशिंजर मोजल्याबिगर गाडी हलत न्हाई."

मस्करी सोडली तर मोजायलाच हव्यात. सशाचं पोट म्हणजे न थांबता चालणारा कारखाना. त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं पुढेच सरकायला हवं. बारा तास खाल्लं नाही, लेंडी पडली नाही, की जिवावर बेततं. आणि ससा दुखणं दाखवत नाही. आजारी दिसला की शत्रू आधी त्यालाच उचलणार, हे त्याच्या रक्तात आहे. तो ओरडत नाही, फक्त कोपऱ्यात बसतो. म्हणून वही.

पंधरा दिवस पाचही वेळा मी भरवणार, असं मी मोठ्या ऐटीत जाहीर केलं. म्हणजे मला जे काही फिरायचं ते चार तासांत. वीकएण्डला इथे येणारी पुण्या-कोल्हापूरची मंडळी आंबा, पावनखिंड, विशाळगड एका दमात उरकतात. माझं मलकापूर भरवण्याच्या दोन वेळांच्या मधलं होतं.

सातची वेळ झाली की आंबा. पाऊण तासात पोचता, घाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की खाली साखरप्याची बाजू धुक्यात बुडालेली असते. थंडी खरी. टपरीवर चहा आणि गरम भजी. पहाटे लवकर निघालात तर रस्त्याच्या कडेला गवा दिसू शकतो, गाडीतून उतरू नका आणि सेल्फी तर नकोच. एका सकाळी परत येताना एक रानससा समोरून रस्ता ओलांडून गेला. लांब पाय, लांब कान, एक सेकंद थांबला आणि गायब. मी घरी येऊन उत्साहाने सांगितलं, फुटाण्याचा भाऊ बघितला! पप्पा म्हणाले, "त्यो ससा. ह्यो फुटाण्या." त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. रानससा वेगळ्या जातीचा. तो बीळ करत नाही, त्याची पिल्लं डोळे उघडे घेऊन जन्मतात. फुटाण्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळात राहणारे, पिल्लं आंधळी. दोघांचा संकर होत नाही. आणि रानससा पकडणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. गावात अजूनही कुणीतरी पप्पांना विचारतंच, "रानातनं धरून आणलाय व्हय?" त्याहून कॉमन प्रश्न, "कापणार कवा?" पप्पा दोन्हींना एकच उत्तर देतात. "वही बघा."

अकरा ते तीन म्हणजे गावातच. आठवडी बाजारात एक मावशी कोथिंबिरीचे देठ त्याच्यासाठी राखून ठेवतात. त्यानंतर किराणा दुकान. इथे फुटाण्याचं वजन होतं. बुट्टीत जुना टॉवेल, बुट्टी काट्यावर, काटा शून्यावर, मग फुटाणा. दुकानदार तांदळाचं गिऱ्हाईक थांबवून आकडा मोठ्याने वाचतात. पहिल्या सोमवारी एक चारशे तीस. रांगेतल्या एका आजोबांनी "वाढलाय की!" म्हणून दाद दिली. वाढला नव्हता, मागच्या सोमवारी एक चारशे पन्नास होता.

विशाळगड चार तासांत बसत नव्हता, म्हणून सोडला. तसा गडाचा एक तुकडा गावातच आहे म्हणा. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी विशाळगडाची तटबंदी पाडली आणि जहागिरीचं ठाणं मलकापुरात आलं. लहानपणी मला वाटायचं आमच्या गावात काहीच घडलं नाही. पावनखिंड मात्र बघायचीच होती. पांढरेपाण्याच्या बाजूने गेलं की एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला सडा, आणि मग पायऱ्या उतरून तुम्ही त्या अरुंद घळीत. १३ जुलै १६६० ला बाजीप्रभूंनी इथे वाट रोखून धरली. महाराज गडावर पोचल्याची तोफ ऐकू येईपर्यंत. दगडाला हात लावला की तो गार असतो, वरून पाणी ठिबकत असतं, आणि आपोआप आवाज खाली येतो. मी तिथे उभी राहून घड्याळ बघत होते. इतिहासाने मला माफ करावं, पण पावणेदोन वाजले होते आणि तीनची वेळ होती!

पोचले नाही. परतीच्या रस्त्यावर गवताने भरलेला एक ट्रॅक्टर पुढे होता, एकच गाडी जाईल एवढा रस्ता, आणि त्याला घाई नव्हती. घरी पोचले तेव्हा पावणेचार. मी अक्षरशः धावत आत गेले. पप्पा पेपर वाचत होते. वहीत लिहिलेलं: ३.००, १५, ४१, खुशीत.

"अहो, मी येणार होते ना!"

"येणार व्हतीस. तीन वाजले."

एवढंच. रागावले नव्हते. वेळ झाली, भरवलं. मी हातपाय धुऊन बाहेर आले तर कुंपणापलीकडून शेजारच्या काकू म्हणाल्या, "बरं झालं आलीस बाई. तुजं पप्पा दोन वर्षं झाली कुठं जाईनात. माज्या पोरीच्या लग्नालाबी अक्षता टाकल्या न् पळाले, जेवलेबी न्हाईत."

मला चार दिवस 'चार तासांचं मलकापूर' हे लेखाचं झकास टायटल वाटत होतं. गंमत म्हणून पाळलेला नियम! पप्पा त्याच नियमात दोन वर्षं राहत होते. कोल्हापूर पन्नास किलोमीटरवर, जायला यायलाच तीन तास, म्हणजे कोल्हापूर नाही. पुण्याला माझ्याकडे का येत नाहीत यावर मी त्यांच्याशी भांडले होते, तेही फोनवर, तेही दोनदा. आयुष्यभर दुसऱ्यांना तिकिटं फाडून देणारा माणूस आंब्याच्या पुढे गेला नव्हता, कारण मी एकोणिसाव्या वर्षी वेफर्स चारले होते.

त्याच आठवड्यात कोल्हापुरात त्यांच्या मावसभावाकडे लग्न होतं. मी म्हटलं, जा. सकाळच्या गाडीने जा, जेवून या, अंबाबाईचं दर्शन घ्या, शेवटच्या गाडीने या. दोन दिवस नाही-नाही झालं. शेवटी इस्त्रीचा शर्ट निघाला. पासष्टच्या पुढच्यांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे, तरी निघताना म्हणाले, "माज्याच गाडीत मी तिकीट काढायचं, कसं वाटतंय बघ." खूश होते. मला दिसत होतं.

अकराच्या वेळी फुटाण्याने आठ मिली घेतले आणि तोंड फिरवलं. असं होतं कधीकधी. तीनला त्याने काहीच घेतलं नाही. ट्रेमध्ये सकाळपासून सहा लेंड्या, बारीक, कोरड्या. तो पडवीच्या कोपऱ्यात बसला होता, पाय पोटाखाली घेऊन, डोळे अर्धे मिटून. कान हाताला गार. मी पोटाला कान लावला. एरवी तिथे सतत गुरगुर असते, छोट्या चुलीवर काहीतरी शिजत असल्यासारखी. काहीच ऐकू आलं नाही.

पुण्याला फोन लावला. डॉक्टरांनी विचारलं, पोट मऊ आहे की ढोलासारखं? मऊ होतं, पिठासारखं. "मग वेळ आहे. जबरदस्तीने भरवू नका आत्ता. ऊब द्या. जवळ कोण डॉक्टर आहेत?" जवळ होते ते म्हशींचे डॉक्टर. सगळं गाव त्यांना गाय अडली की बोलावतं. मी फोन केला, ते मोटारसायकलवरून आले, पायाला शेण लागलेलं, थेट कुठल्यातरी गोठ्यातून. फुटाण्याकडे बघून म्हणाले, "एवढ्याला मी कधी सुई मारली न्हाई." मग फोन स्पीकरवर ठेवला. पुण्याच्या डॉक्टर बोलत होत्या, हे ऐकत होते आणि मधेच "मॅडम, परत सांगा, किती मिली?" विचारत होते. कोमट केलेलं सलाईन मानेमागच्या सैल कातडीखाली दिलं, दुखण्याचं इंजेक्शन त्याच्या वजनाच्या हिशेबाने, दोनदा खात्री करून. एक गोष्ट मॅडमनी स्वतःहून सांगितली, पेनिसिलिन गटातलं काही याला तोंडातून कधीच द्यायचं नाही, त्याने आतड्यातले कामाचे जंतू मरतात. डॉक्टरांनी खिशातली डायरी काढून लिहून घेतलं. पैसे विचारले तर म्हणाले, "सशाचा रेट मला म्हाईत न्हाई."

मग वाट बघायची. गरम पाण्याची बाटली टॉवेलात, फुटाणा बाटलीला टेकून, मी फरशीवर. पप्पांना फोन करावा का? चार वेळा नंबर काढला. लग्नात जेवत असतील, दोन वर्षांनी चार माणसांत बसले असतील. फोन केला असता तर मिळेल ती गाडी पकडून आले असते. आणि नाही केला आणि इकडे काही झालं तर? हे लिहितानाही मला उत्तर माहीत नाही. मी फोन केला नाही.

साडेसातला अंगणात हरळी ओली होती, ती तोडून तोंडाशी धरली. नाक हललं, बाकी काही नाही. साडेआठला एक काडी त्याने ओढून घेतली आणि चावता चावता टाकून दिली. पण ओढली होती! नऊला मी पुन्हा कान लावला. अगदी आत कुठेतरी, एकदाच, बुडबुडा फुटल्यासारखं झालं. नऊ चाळीसला पहिली लेंडी पडली. हरभऱ्याच्या निम्मी. आयुष्यात इतका आनंद मला बायलाइन मिळाल्यावर झाला नव्हता.

शेवटच्या गाडीने पप्पा आले. हातात लग्नातल्या बुंदीची पिशवी, कपाळाला अंबाबाईचं कुंकू. चपला काढायच्या आधी विचारलं, "किती?"

"नऊ."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, मोटारसायकलच्या चाकाने अंगणात उमटलेल्या खुणेकडे बघितलं. चष्मा लावून वही उघडली. मी तीनच्या आणि सातच्या रकान्यात जे खरं होतं ते लिहिलं होतं. शेरा कोरा ठेवला होता.

"फोन का न्हाई केलास?"

"जेवत असाल."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, जेवण चांगलं होतं, तांबडा रस्सा जरा पातळ होता.

सोमवारी किराणा दुकानात आकडा आला एक तीनशे पंच्याऐंशी. दुकानदारांनी या वेळी मोठ्याने वाचला नाही, काटा आमच्याकडे वळवला. घरी येईपर्यंत आम्ही कुणीच विषय काढला नाही. पडवीत बसल्यावर पप्पा म्हणाले, "पुण्याला नगं न्यायला. अडीचशे किलोमीटर गाडीत हादरं, वर भूल. हितं गवत हाय, म्या हाय." मी विचारलं, आणि दुखलं तर? औषध पुरेनासं झालं तर? "तवा त्या म्हशीच्या डॉक्टरला आन् तुज्या मॅडमला परत फोनवर बोलूदे. त्ये जे सांगतील ते. तवा त्याला वडायचं न्हाई." तेव्हा तू इथे हवीस, हे ते म्हणाले नाहीत. मी म्हणाले. महिन्यातला एक आठवडा मी मलकापूरहून काम करणार, लेख इथूनही जातात, रेंज फक्त माळ्यावर येते एवढंच. त्या आठवड्यात पप्पांनी बाहेर पडायचं. डिसेंबरच्या यादीत त्यांनी गणपतीपुळे लिहिलंय. घाट उतरला की आलंच म्हणतात, इतकी वर्षं त्या गाडीला डबल बेल दिली, उतरून समुद्र बघायचा राहून गेला.

टिमोथीची पिशवी अजून माळ्यावर आहे, अर्धी. फुटाण्याने ती दोनदा हुंगली आणि सोडून दिली. निघायच्या आदल्या रात्री अकराची वेळ माझी होती. पंधरा मिलीतले अकरा त्याने घेतले, मग मान वळवून स्वतःहून दांडीखाली सांडलेली हरळीची एक काडी उचलली. दाढांचा आवाज येत होता, करकर, अडखळत. पप्पा टॉर्च घेऊन ट्रेपाशी उकिडवे बसले होते.

"एकोणतीस," ते म्हणाले. "लिही."